'जिलेटिनस' या शब्दाचं उदाहरण

तुम्ही माझ्या आईचं वाक्य घेतलंत आणि तिचं नाव फेकून दिलंत. केळं खाऊन साल टाकावी तसं. तुमच्या नावामागे पदव्या आहेत आणि नावापुढे पदं आहेत, म्हणून याला चोरी म्हणायचं नसतं, संपादन म्हणायचं असतं, असं मला समजावण्यात आलं. मी चोरीच म्हणते.

तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही. घाबरून नव्हे. ज्यानं दुसऱ्याचं नाव खोडलं त्याला फुकटची प्रसिद्धी कशाला द्यायची? कोशमंडळाचे प्रमुख, एवढं पुरे. काय घडलं ते तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्याला माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी दीपाली. विश्रांतवाडीत राहते, कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसते आणि लिहिते. कॉलेज बारावीनंतर सोडलं. इंग्रजी शिकले ते औषधांच्या खोक्यातले कागद आणि रद्दीत मिळालेला एक शब्दकोश वाचून. त्या कोशाची 'एस'पासून पुढची पानं कुणीतरी भेळेला वापरली होती, त्यामुळे बरीच वर्षं माझं इंग्रजी 'आर'शीच थांबायचं. कथांची दोन पुस्तकं मी माझी मीच छापली. त्यातलं एक पद्मजाताईंच्या हाती पडलं.

पद्मजाताई सदाशिव पेठेतल्या. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आपणहून फोन केला. "अहो, आपणच का त्या दीपाली? आपलं मराठी अजून कुणी सुधारलं नाही ना? मग सुधारायच्या आत इकडे या."

मी गेले. पुढे 'आपण'चं 'तू' झालं, 'दीपाली'चं 'दीपा' झालं. त्यांनी मला 'एस'पासून पुढचं इंग्रजी दिलं, म्हणजे अख्खा कोशच दिला. माझ्या कथा वाचून त्या भांडायच्या, पण शब्दाला हात लावायच्या नाहीत. "तुझं वाक्य तुझंच राहू दे. त्याला कुणी हात लावला तर मला सांग, मी बघते त्याच्याकडे," असं म्हणायच्या. मला त्यांच्यासारखं कुणी भेटलं नव्हतं. हे मी आजही नाकारत नाही, आणि म्हणूनच जीव जास्त जळतो.

त्यांनीच मला तुमच्या कोशमंडळात आणलं. इंग्रजी शब्दांना लोकांच्या तोंडचं मराठी शोधून द्यायचं, पुस्तकी नको, असं तुमचं काम. शनिवारी सकाळी दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत बैठक. खाली कुणाची तरी दाढ कोरत असायचे आणि वर आपण शब्द कोरत बसायचो.

तुमची पद्धत मला फार आवडली होती, हे कबूल. पदार्थाचा, पोताचा, वासाचा शब्द असला की वस्तू टेबलावर आलीच पाहिजे. वस्तू नाही तर शब्द नाही. 'ब्रिटल'च्या दिवशी चिक्की आली होती. 'रॅन्सिड'च्या दिवशी दिगंबरकाकांनी घरातलं जुनं खोबरेल आणलं आणि खिडक्या उघडून बसावं लागलं. दुसरा नियम, प्रत्येक अर्थाखाली एक बोललेलं वाक्य छापायचं. लिहिलेलं चालणार नाही, बैठकीत कानांनी ऐकलेलं हवं. आणि वाक्याखाली बोलणाऱ्याचं नुसतं नाव आणि वस्ती. आडनाव नाही.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिला तो आडनावाचा नियमच सगळ्यात पटला. "बरं आहे. लोक आधी आडनाव वाचतात, मग वाक्य वाचायचं का ते ठरवतात."

माझी आई प्रेमला. पिठाच्या गिरणीत जन्म गेला, आता गुडघे गेले. बोलते कमी, पण बोलली की वाक्य भिंतीवर लावून ठेवावं असं.

मग यादीत 'जिलेटिनस' आला.

शब्द सोपा वाटतो. जेलीसारखा, झालं. पण तुम्हीच म्हणालात, "जेली हा मराठी शब्द आहे का? जेली यायच्या आधी या माणसांनी असं काही पाहिलंच नव्हतं का?" आणि आपण शब्द पालथे घालायला बसलो. बुळबुळीत? नाही, ती भेंडी. बोटाला लागते, तार सुटते. लिबलिबीत? ते जास्त पिकलेलं केळं. दाबलं की दबतं, परत उठत नाही. गिळगिळीत म्हटलं की किळस आली, आणि 'जिलेटिनस'मध्ये किळस असतेच असं नाही. इंग्रज ते बेडकाच्या अंड्यांनाही लावतो आणि चांगल्या शिजलेल्या सूपलाही. थुलथुलीत म्हणजे पोट. दिगंबरकाकांनी 'श्लेषसम' असं काहीतरी काढलं, तेव्हा सलिल म्हणाला, "काका, हे तर औषध वाटतंय. जेवणानंतर दोन चमचे."

सलिल आपल्यातला तरुण. कोशाची ऑनलाइन आवृत्ती तोच करतो. दिगंबरकाका निवृत्त हेडक्लार्क. त्यांच्या मते ज्ञानेश्वरांनंतर मराठी उतरणीला लागली.

तुम्ही म्हणालात, पुढच्या शनिवारी सगळ्यांनी वस्तू आणा.

आमच्याकडे त्या आठवड्यात रोहनचा, म्हणजे माझ्या भावाचा, हात मोडलेला होता. दुचाकीवरून पडला. हाड मोडलं की आई पाया करते. बकऱ्याचे पाय जाळावर धरून, खरवडून, स्वच्छ धुऊन, लसूण-मिरं घालून शिजत ठेवायचे, हाडाला काही उरत नाही तोवर. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला होता. सकाळी मी पातेलं काढलं. रस्सा बसला होता, तपकिरी, आरशासारखा.

तुम्ही सांगितलं होतं, माणसाच्या तोंडात शब्द घालायचा नाही, नुसतं विचारायचं. मी विचारलं, "आई, याला काय झालंय?"

"काय व्हायचंय? बसलाय," आई म्हणाली. पातेलं हातात घेऊन तिनं हलवलं. "बघ. हलवलं की मान डोलावतो, पण जागा सोडत नाही. तुझ्या बापासारखा."

माझे वडील बाबुराव. सगळ्याला हो म्हणायचे, खुर्चीतून उठायचे नाहीत. मी इतकी हसले की रोहन आतून ओरडला, "काय झालं? मला पण सांगा, माझा एक हात मोडलाय, कान नाही."

मी तिला सांगितलं की हे वाक्य कोशात जाईल. तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "बापाचं नको घालू. मेलेल्या माणसाला कशाला. बाकीचं घाल." दुपारी विहारातून आली तर तिथल्या सगळ्या बायकांना कळलेलं होतं. "त्या विचारत होत्या, पुस्तकात कुठल्या पानावर. मी म्हटलं, छापल्याशिवाय पान कसं कळेल? येड्याच आहेत." असं म्हणाली आणि रात्री जेवताना मला विचारलं, "पण साधारण कितव्या पानावर?"

शनिवारी मी डबा बर्फाच्या पिशवीत घालून स्वारगेटच्या बसमध्ये बसले. उन्हानं विरघळला असता तर नुसता रस्सा टेबलावर आला असता. कंडक्टरनं विचारलं, "इंजेक्शनं आहेत का मॅडम?" मी म्हटलं, "उदाहरण आहे." त्यानं पुढे विचारलं नाही.

टेबलावर काय काय आलं होतं, आठवा. सलिलची लाल जेली, चौकोनी तुकडे. पद्मजाताईंचा भिजवलेला सब्जा. दिगंबरकाकांचा खरवस, ओळखीच्या गवळ्याकडच्या चिकाचा, वेलची घातलेला. खरवस सुंदर होता. मी दोनदा घेतला. पण तुम्हीच ताट हलवून म्हणालात, "थरथरतो जेमतेम. हा सुरीचा पदार्थ आहे, हा वड्यांत मोडतो." खरवस बाद तुम्ही केलात, मी नाही.

सलिलनं जेलीचं पाकीट मोठ्यानं वाचलं. त्यात जिलेटिन. पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण. दिगंबरकाकांच्या तोंडात दुसरा तुकडा होता.

"म्हणजे हे कशाचं असतं?" त्यांनी तो तुकडा गालात धरून विचारलं.

"कातडं, हाडं. उकळून," सलिल म्हणाला. "थुंकणार का, काका?"

काकांनी गिळला. "आता काय थुंकायचं. तिशीपासून रोज कॅप्सूल गिळतोय. तिचं टरफल काय तुळशीचं असतं?" तुम्ही सगळ्यात मोठ्यानं हसलात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हे मला नोंदवून ठेवायचं आहे. हा शब्द हाडं आणि कातडं उकळूनच तयार झाला आहे, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. अज्ञानाची सबब तुम्हाला नाही.

मग मी डबा उघडला.  खाली दवाखान्यातलं मशीन तेवढं चालू होतं. मी काय आहे ते सांगितलं. पद्मजाताईंनी चमचा उचलला. आयुष्यात पहिल्यांदा, त्या म्हणाल्या, आणि खाल्लं. डोळे मिटून. तुम्ही दोन चमचे घेतलेत आणि मीठ कुठे मिळेल म्हणून विचारलंत. काकांनी खाल्लं नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण डबा हातात घेऊन हलवला आणि लहान मुलासारखे बघत राहिले.

मी सगळ्यांना वाढत होते. आईचं वाक्य मी पद्मजाताईंना आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. त्यांना धीर निघेना. "अरे ऐका, ऐका, हिची आई काय म्हणाली: 'पायाचा रस्सा बसला की हलवल्यावर मान डोलावतो, पण जागा सोडत नाही!'"

तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "झालं! अर्थ हाच. डोलतं, पण वाहत नाही. पाणी हिंदकळतं, दगड हलत नाही, आणि हे त्या दोघांच्या मधलं. लिहा, प्रेमला, विश्रांतवाडी." तुमच्या तोंडून निघालेली अक्षरं. मी चमचा हातात धरून उभी होते आणि माझे डोळे भरले, म्हणून मी खरवसाकडे बघत राहिले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांनी खाल्लं?"

"खाल्लं."

"सगळ्यांनी?"

"बहुतेकांनी. प्रमुखांनी मीठ मागितलं."

"मीठ कमी होतं का?" त्या रात्री तिला दुसरी कसलीच चिंता नव्हती.

*

प्रकाशनाचं निमंत्रण आलं. आईनं विहाराच्या कार्यक्रमाची पांढरी साडी काढली, इस्त्रीला दिली, परत आली ती तिला पटली नाही, स्वतः पुन्हा केली. रोहनची मुलगी पूर्वा, सहावीतली, ती पण आली. रिक्षानं गेलो, आईच्या गुडघ्यांमुळे. हॉल भरलेला. पद्मजाताई दारातच दिसल्या. मी हात केला. त्यांनी बघितलं, हसल्यासारखं केलं आणि कुणाला तरी पाणी द्यायला वळल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माणूस एवढ्या घाईनं पाणी द्यायला जातो तेव्हा तहान त्याला नसते.

तुम्ही छान बोललात. वस्तू टेबलावर मांडण्याची पद्धत सांगितलीत. चिक्की, खोबरेल, लोक हसले. मग म्हणालात, "एक शब्द सांगतो, जो आम्हाला सगळ्यात सुंदर मिळाला. जिलेटिनस." आईनं माझा हात धरला. पूर्वानं मोबाइल वर केला, व्हिडिओसाठी.

तुम्ही वाचलंत: "'खरवस बसला की हलवल्यावर मान डोलावतो, पण जागा सोडत नाही.' बघा, काय मराठी आहे!"

टाळ्या पडल्या. आईनं टाळी वाजवली नाही. ती जागेवरूनच बोलली, आणि तिचा आवाज गिरणीतला आहे, त्याला माईक लागत नाही.

"माझ्या रश्श्यात दूध कुणी ओतलं?"

हॉल हसला. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. तुम्ही पण हसलात. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि तुम्हाला कळलं. मी तुमचा चेहरा बघत होते. तुम्ही म्हणालात, "आजी, प्रश्नोत्तरं शेवटी ठेवली आहेत." शेवटी आभारप्रदर्शन झालं आणि बटाटेवडे.

कोश माझ्या मांडीवर होता. मी पान काढलं. वाक्याखाली छापलं होतं: पद्मजा, सदाशिव पेठ.

मी वड्यांच्या टेबलापाशी ताईंना गाठलं.

"ताई, हे काय आहे?"

"दीपा, आत्ता नको ना. पाहुणे आहेत."

"आई पण पाहुणीच आहे. निमंत्रण आहे आमच्याकडे."

त्यांनी मला खांबाआड नेलं. "ऐक. वाक्य वाचवलं मी. समजून घे. ते सगळंच काढायला निघाले होते. कोश शाळांत जाणार आहे, पालक काही म्हणतील, असं झालं. मी भांडले. मी म्हटलं, वस्तू बदला, पण वाक्य ठेवा. एवढं सुंदर वाक्य मरू द्यायचं का?"

"त्याच कोशात 'बेकन' आहे. 'हॅम' आहे. 'स्टेक' आहे, चित्रासकट. पालक त्याला काही म्हणत नाहीत?"

"ते इंग्रजी शब्द आहेत, दीपा."

"हो. साहेबाच्या ताटातलं चालतं. शेजारणीच्या पातेल्यातलं आलं की भावना दुखावतात."

त्यांनी पदर सारखा केला.

"बरं, वस्तू बदलली. नाव का बदललं?"

"खरवस प्रेमलाताईंच्या नावावर कसा घालायचा? त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या. खोटं झालं असतं."

"का? आमच्या भागात म्हशी वीत नाहीत?"

"तसं नाही गं."

"आणि तुमच्या नावावर खरं झालं?"

आता त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर गिळता आलेलं नाही. "नियम आहे ना. बैठकीत ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव. मूळ टिपणात प्रेमलाताईंचंच नाव होतं, पण फेरविचार झाला तेव्हा मंडळानं नियम पुढे केला. बैठकीत ते वाक्य मीच म्हटलं होतं."

म्हणजे मायेनं बोलल्या, उत्साहानं बोलल्या, माझे हात वाढण्यात होते म्हणून माझ्या आधी बोलल्या. आणि त्याचीच पावती त्यांच्या नावावर फाडली गेली. मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणायचंत. माझं नाव घालू नका, म्हणायचंत. एवढंच."

"मी म्हटलं होतं."

"किती वेळा?"



तेवढ्यात आई पूर्वाचा हात धरून आली. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. ती ताईंना म्हणाली, "बाई, खरवस तुम्ही कसा करता? कुकरला की वाफेवर?"

ताई लाल झाल्या. "आमच्याकडे... विकतचा आणतात."

"असू दे," आई म्हणाली. "पाय मी पण विकतच आणते. बकरं पाळत नाही." आणि वडा न खाता निघाली. रिक्षात एकदाच बोलली, "बाई वाईट नाही. घाबरट आहे." मला ते वाईटापेक्षा वाईट वाटलं.

घरी येऊन मी ऋणनिर्देश वाचला. तुमचं नाव, सगळ्यांची नावं, छापखान्याचं नाव. शेवटी: 'आणि अनेक अनाम भगिनी.' अनाम? तिचं नाव मी तुम्हाला दिलं होतं. तुम्ही ते उच्चारलं होतंत. अनाम ती जन्मली नव्हती, तुमच्या खोलीत झाली.

मी फोन केले. दिगंबरकाका म्हणाले, "मंडळाचा निर्णय आहे, मी एकटा काय करणार? मला तर व्यक्तिशः डबा आवडला होता." सलिल म्हणाला, "ताई, ऑनलाइनमध्ये बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. पण अप्रूव्हल लागेल. मंडळाचं." पद्मजाताईंचा फोन लागेनासा झाला. मग तुम्ही. तुम्ही फार गोड बोललात. "तुमच्या भावना मी समजू शकतो. पुढच्या आवृत्तीत मंडळ विचार करील."

मंडळ, मंडळ. जिकडे बोट दाखवावं तिकडे मंडळ, आणि मंडळाला विचारावं तर खोलीत कुणीच नाही.

मी कदाचित इथेच थांबले असते. राग गिळायची सवय मला आहे, आमच्याकडे ती लहानपणी पोलिओच्या थेंबांबरोबरच देतात. आईनंही 'सोड' म्हटलं होतं. पण तुमचा कोश शाळांत गेला. पूर्वाच्या शाळेत पण गेला.

त्यांच्या मराठीच्या तासाला इंग्रजी शब्द देतात आणि मराठीत वाक्य करायला सांगतात. पूर्वानं मुद्दाम 'जिलेटिनस' निवडला. तिनं फळ्यावर आजीचं वाक्य लिहिलं, पायाच्या रश्श्यासकट, आणि खाली लिहिलं: प्रेमला, विश्रांतवाडी. बाई चांगल्या आहेत, असं ती नेहमी सांगते. बाईंनी मारलं नाही, रागावल्या नाहीत. कोश उघडला, वाक्य दाखवलं आणि म्हणाल्या, "बेटा, उतरवून घेताना नीट बघून घ्यावं. हे खरवसाचं आहे. आणि नाव पण चुकलंय." 'पायाचा रस्सा' पुसून तिथे 'खरवस' लिहायला लावलं. नाव पुसायला लावलं. मग वर्गानं टाळ्या वाजवल्या, वाक्य छान आहे म्हणून.

पूर्वा घरी आली, दप्तर न काढता स्वयंपाकघरात गेली आणि आजीला म्हणाली, "आज्जी, तू चुकीचं सांगितलंस. सगळे हसले मला. ते तुझं नाहीये. पुस्तकात दुसऱ्या आज्जीचं आहे."

आई भाकरी थापत होती. तिनं ती पूर्ण थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, "असेल बाळा."

असेल बाळा.

सभेत तुमच्या तोंडावर विचारणारी बाई. स्वतःच्या नातीसमोर तिला ते वाक्य सोडून द्यावं लागलं, कारण नात पुस्तक मानते, आणि पुस्तक मानायला तिला आम्हीच शिकवलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ती अभ्यास करते. पुस्तक खोटं बोलतं, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर आजी खोटी ठरते. तुम्ही माझ्या घरात हे आणून ठेवलंत. दोनातली एक गोष्ट तिनं सोडायची, पुस्तक किंवा आजी. सहावीतल्या पोरीनं.

मी तिला जवळ घेऊन खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकलं. मग विचारलं, "मग आत्या, त्यांनी असं का केलं?" मी म्हटलं, मंडळानं केलं. ती म्हणाली, "मंडळ म्हणजे कोण?"

परवा आईनं पुन्हा पाया केला. पातेलं फ्रिजमधून काढलं, हातानं जरासं हललं, रस्सा डोलला. तिनं माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि काही न बोलता पातेलं गॅसवर ठेवून दिलं. तिचं स्वतःचं वाक्य तिला आता दुसऱ्याचं उष्टं वाटतं.

पुढच्या आवृत्तीचं गाजर मला नको. ऋणनिर्देशात नाव नको, सत्कार नको, शाल तर नकोच. ते वाक्य तिच्या नावावर, तिच्या रश्श्यासकट छापा, नाहीतर कोशातून पूर्ण काढा. खरवसाला तुमचं तुम्ही वाक्य शोधा. पण त्याआधी पूर्वाच्या प्रश्नाचं उत्तर द्या, कारण ते माझ्याकडे नाही. डबा उघडला त्या दिवशी टेबलाभोवती आपण पाच जण होतो. मला वगळा. उरले चार. त्या चारांतलं कुणीतरी एक माणूस, मंडळ नव्हे, हाडामांसाचा एक माणूस, पहिल्यांदा म्हणाला असेल की हे नको, हे काढा. तो कोण? त्याचं नाव काय? नुसतं नाव आणि वस्ती सांगा, आडनाव नको. तुमच्याच नियमानं विचारते आहे.

सांगा.